खुर्चीचा गुण की माणसाचा?

प्रश्न : मी नाशिकमध्ये एका खासगी बँकेच्या शाखेत काम करते. आमचे ब्रँच मॅनेजर ग्राहकांशी गोड, शिपाईकाकांशी गोड. माझी आई एकदा शाखेत आली होती, तर तिच्याशीही अगदी घरच्यासारखे बोलले. पण संध्याकाळी सातच्या सुमाराला तेच साहेब केबिनमधून बाहेर येतात आणि आम्हा चौघांना सगळ्यांदेखत असं झापतात, की घरी जाताना गाडीवर रडू येतं. परवा माझ्या हातातले फॉर्म हिसकावून टेबलावर आपटले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला. मला तक्रार करायची नाही, फक्त कुतूहल आहे. माणूस मुळातच असा असतो, की खुर्ची त्याला असं करते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. सातच्या सुमाराला, असं तुम्ही लिहिलंय. मग सहा ते सात केबिनचं दार लावून साहेब काय करत असतात?

विक्रीचं टार्गेट असलेल्या कचेऱ्यांत ही वेळ बहुधा कॉन-कॉलची. पडद्यावर एक्सेल शीट उघडी असते. डावीकडे शाखांची नावं, पुढे रकाने : कासा (चालू-बचत खाती), एफडी, विमा, गोल्ड लोन, क्रेडिट कार्ड. आकडा पुरा नसेल तो रकाना लाल. सगळे म्यूट. नाव पुकारलं की अनम्यूट व्हायचं. “आज पॉलिसी किती झाल्या?” “दोन, सर.” “ठरल्या किती होत्या?” “पाच, सर.” “मग दिवसभर शाखेत भजी तळत होतास का?” बाकीचे मॅनेजर हे निमूट ऐकत असतात, आणि आपलं नाव येण्याआधी आपल्या लाल रकान्याला कोणतं कारण चिकटवायचं याची मनात जुळवाजुळव करत असतात. पंचेचाळिशीचा, बारावीतल्या मुलाचा बाप असलेला माणूस, आणि त्याला तिशीतला रीजनल हेड अरे-तुरे करतोय. कॉल संपतो, दार उघडतं, समोर तुम्ही चौघं.

वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं. बेनेट टेपर या अमेरिकी संशोधकाने 2000 साली जाचक वरिष्ठांवर एक निबंध लिहिला. या विषयावर पुढे झालेलं बरंचसं संशोधन त्याच वाटेने गेलं. साहेबाचं वागणं मोजण्यासाठी त्याने पंधरा विधानं तयार केली. चारचौघांत पाणउतारा करतो, जुन्या चुका उगाळतो, स्वतःची लाज राखायला माझ्यावर ढकलतो, माझ्याशी बोलणंच टाकतो, अशी. आणि त्यांतलंच एक : राग दुसऱ्याच कशाचा असतो, निघतो माझ्यावर. टेपर एखाद्या दिवशीच्या भडक्याला जाच म्हणत नाही. त्याच्या व्याख्येत वागणं सातत्याचं हवं, आणि ते सोसणाऱ्याला तसं जाणवायला हवं.

जून 2023 मध्ये कोलकात्यातल्या एका खासगी बँकेच्या अधिकाऱ्याचा व्हिडिओ देशभर फिरला. ऑनलाइन मीटिंगमध्ये तो हाताखालच्या लोकांवर विक्रीच्या आकड्यांवरून किंचाळत होता. बँकेने त्याला निलंबित केलं. योग्यच केलं. टार्गेटला निलंबित करण्याची सोय मात्र कुठल्याच सेवानियमांत नसते.

पण एवढ्यावर थांबलो तर तुमच्या साहेबांना फार स्वस्तात सोडल्यासारखं होईल. कॉन-कॉलवर बोलणी खाणारे सगळेच मॅनेजर बाहेर येऊन फॉर्म आपटत नाहीत. काही जण दहा मिनिटं गच्चीवर जाऊन येतात. काही जण टीमला जवळ बसवून “आज आपली चांगली खरडपट्टी निघाली, उद्या काय करायचं ते ठरवू” म्हणतात. दाब सगळ्यांवर सारखा, मग काहींचाच तोल का जातो?

आधी एक समजूत दूर करू. “साहेबांना राग आवरत नाही” असं आपण सहज म्हणून जातो. नीट बघा, आवरतो. रीजनल हेडशी बोलताना शंभर टक्के आवरतो. कोटीची ठेव असलेले आजोबा कारण नसताना अर्धा तास ताडताड बोलले, तरी साहेब “हो काका, बरोबर आहे काका” म्हणत उभे असतात. शिपाईकाकांशी ते गोड बोलतात, कारण शिपाईकाकांच्या नावावर शीटमध्ये रकानाच नाही. राग कुठे काढायचा आणि कुठे गिळायचा याचा हिशेब या माणसाच्या डोक्यात चोख आहे. ज्या दिशेला काढल्याने काही बिघडत नाही, त्या दिशेला तो निघतो. म्हणून मी स्वभावाआधी परवानगी बघतो : झापल्यावर या कचेरीत साहेबाचं काय होतं? काहीच होत नसेल, तर तो झापणार.

आता आतली गोष्ट. नॅथनेल फास्ट आणि सेरीना चेन यांनी 2009 साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. हातात अधिकार आहे, आणि आपल्याला हे काम जमत नाही अशी मनात धाकधूकही आहे, अशी माणसं सर्वांत आक्रमक वागली. एका प्रयोगात, दुसऱ्याचं उत्तर चुकलं तर त्याच्या कानाशी किती मोठा भोंगा वाजवायचा हे त्यांना ठरवायचं होतं. धाकधुकीवाल्या अधिकाऱ्यांनी मोठा आवाज निवडला. नुसता अधिकार असलेली माणसं तशी वागली नाहीत, नुसती धाकधूक असलेलीही नाहीत. दोन्ही एकत्र आल्यावर पेट घेतला. आणि गंमत बघा, अशा लोकांना आधी स्वतःबद्दल जरा बरं वाटेल असं काही केलं, तर तो आक्रमकपणा ओसरला. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपल्याला ठाऊक होतंच. पाणी नेमकं कधी खळखळतं, ते या दोघांनी दाखवलं.

ही धाकधूक येते कुठून? बढतीतून. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांचं ‘द पीटर प्रिन्सिपल’ 1969 साली आलं ते विनोदी अंगाने. माणूस आपल्या कामात चांगला असेपर्यंत वर चढत जातो आणि जिथे चांगला नसतो त्या पायरीवर जाऊन अडकतो, असं त्यात होतं. लोक हसले आणि पुस्तक कपाटात ठेवून दिलं. 2019 साली ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तिघांनी अनेक अमेरिकी कंपन्यांतल्या विक्रेत्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा तो विनोद खरा निघाला. जो सर्वांत जास्त विकतो त्याला मॅनेजर करण्याकडे कंपन्यांचा कल होता, आणि अशा पट्टीच्या विक्रेत्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी तुलनेने घसरत होती. तुमच्या साहेबांनीही कधीकाळी एका महिन्यात सगळ्या झोनमध्ये सर्वांत जास्त पॉलिसी काढल्या असतील, म्हणून तर ती केबिन मिळाली. पॉलिसी विकणं आणि पॉलिसी विकू न शकलेल्या माणसाला उद्यासाठी उभं करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. मग टीम अडली की हा माणूस एकच करू शकतो : “मी तुझ्या जागी असतो तर आत्तापर्यंत...”

एक छोटं कारण झोपेचंही आहे. ख्रिस्तोफर बार्न्स आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या 2015 सालच्या अभ्यासात वरिष्ठाची आदल्या रात्रीची झोप खराब झाली की दुसऱ्या दिवशी त्याचं वागणं जाचक होत होतं. किती तास झोपला यापेक्षा झोप कशी लागली, यावर ते अवलंबून होतं. मार्चअखेरीला बँकवाल्यांची झोप कशी असते हे तुम्हाला मी काय सांगणार.

राहिला वारसा. तुमच्या साहेबांचे पहिले साहेब कोण होते, हे चहाच्या वेळी सहज विचारून बघा. “आमचे अमुक सर म्हणजे... बाप रे! पण त्यांनीच घडवलं मला,” असं उत्तर आलं तर समजून जा. ज्या सुनेला सासूने छळलं, ती पुढे सासू झाल्यावर काय करते हे आपल्या घरांनी पिढ्यानपिढ्या पाहिलंय. वरच्या मॅनेजरचा जाच मधल्यामार्फत खालपर्यंत झिरपतो, असं संशोधकांनाही आढळलं आहे. या वारशातली सर्वांत चिवट गोष्ट आहे “त्यांनीच घडवलं” ही कृतज्ञता. सोसलेलं वाया गेलं असं कोणाला म्हणवतं? मग आपण सोसलं ते शिक्षण होतं असं ठरवायचं, आणि तेच शिक्षण पुढच्याला द्यायचं.

काही माणसं मुळातच दुष्ट असतात, हेही नाकारत नाही. दुसऱ्याचा चेहरा पडलेला बघून ज्यांना आतून बरं वाटतं, अशी. ओळखायची कशी? त्यांचं टार्गेट पुरं झालं तरी त्यांचं चालूच राहतं. ते एकच माणूस हेरतात, बहुधा नवा किंवा एकटा पडलेला, आणि महिनोन्‌महिने त्यालाच धरतात. हळू आवाजात, हसत हसतही करतात. तुमचे साहेब चौघांना मिळून, आरडाओरडा करून, कॉलनंतर झापतात, त्यावरून ते या जातीचे वाटत नाहीत. त्याने तुमचं गाडीवरचं रडणं कमी होत नाही, हे मला कळतं.

त्या सकाळच्या चहाबद्दल. तो माफीचा चहा आहे असं तुम्हाला वाटलं असावं, म्हणून तुम्ही तो मुद्दाम लिहिला. मी त्याला फारशी किंमत देत नाही. “काल मी फॉर्म आपटले ते चुकलं,” एवढं वाक्य चहाबरोबर आलं असतं तर गोष्ट वेगळी. नुसता चहा म्हणजे कालचं झालं-गेलं विसरा अशी तुमच्याकडूनच केलेली अपेक्षा.

प्रश्न : मी भोसरी एमआयडीसीत चौतीस वर्षं काढली, शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. तुम्ही लोक कागदावर काहीही लिहा. चुकीचा जॉब काढला की पोराला सगळ्या शॉपसमोर बिनपाण्याने केली, तर दुसऱ्या दिवशी त्याचं काम सुधारायचंच. आणि “शाब्बास” म्हटलं की दुसऱ्या दिवशी हमखास रिजेक्शन वाढायचं. हा माझा डोळ्यांनी पाहिलेला अनुभव आहे. मग कडक वागणारा चुकतो कसा?
— एक निवृत्त वाचक, चिंचवड

उत्तर : तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, आणि जे पाहिलंत ते खरंच आहे. पटणार नाही, पण तुमचं बोलणं मी जवळजवळ जसंच्या तसं आधी वाचलंय, फक्त बोलणारा लेथवर उभा नव्हता. तो इस्रायलच्या हवाई दलात वैमानिकांना शिकवत होता.

डॅनियल कानमन हे मानसशास्त्रज्ञ. त्यांना 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरुणपणी ते हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवायला गेले आणि म्हणाले, शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस लवकर शिकतो. एक अनुभवी प्रशिक्षक उठला. त्याचं म्हणणं असं, की छान कसरत केलेल्या मुलाचं मी कौतुक करतो तेव्हा पुढच्या खेपेला तो हमखास बिघडवतो. वाईट केलेल्यावर ओरडतो तेव्हा पुढच्या खेपेला सुधारतो. तेव्हा हे कौतुकाचं आम्हाला सांगू नका.

कानमननी वाद घातला नाही. जमिनीवर खडूने एक खूण केली, सगळ्या प्रशिक्षकांना पाठमोरं उभं केलं आणि न बघता त्या खुणेकडे दोन-दोन नाणी फेकायला लावली. पहिल्या खेपेला ज्यांचं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. ज्यांचं पहिलं लांब पडलं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं जवळ आलं. मध्ये कोणी कोणाला शाब्बास म्हटलं नव्हतं, की कोणाची आई-बहीण काढली नव्हती.

कुठल्याही कामात कसबाबरोबर थोडा दैवाचाही हात असतो. टूल नुकतं बदललेलं, मटेरियल एकसारखं, रात्री झोप बरी झालेली, असे चार योग जुळले की माणसाचा दिवस त्याच्या नेहमीपेक्षा चांगला जातो. दुसऱ्या दिवशी ते सगळे योग पुन्हा जुळणं अवघड, म्हणून काम नेहमीच्या पातळीकडे खाली येतं. फार वाईट दिवसानंतर ते तसंच वर येतं. तुम्ही बिनपाण्याने करायचात ते नेमकं सर्वांत वाईट दिवशी. दुसरा दिवस बरा जाणारच होता, श्रेय गेलं तुमच्या आवाजाला. कौतुक करायचात ते सर्वांत चांगल्या दिवशी. दुसरा दिवस उतरता असणारच होता, दोष लागला शाब्बासकीला. मला विचाराल तर कडक साहेब तयार होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, दुष्टपणाहून आणि धाकधुकीहूनही मोठं. खुद्द अनुभवच रोज त्याच्या कानात सांगत असतो की झापलं की चालतं. प्रामाणिक, कष्टाळू, टीमचं भलं चिंतणारा माणूससुद्धा वीस वर्षं हे बघत आला तर तोंडाळ होणारच. यात तुमच्या चांगुलपणाबद्दल मी काही म्हणत नाही, हे लक्षात घ्या.

भीतीने काही काळ काम होतं, हेही खरं. अमेरिकेतल्या आयोवात कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा वर्षांच्या मुलांचे गट करून तऱ्हेतऱ्हेचे म्होरके दिले होते. 1939 साली त्यांचा निबंध आला. हुकूमशहा म्होरक्याच्या हाताखालची मुलं तो समोर असेपर्यंत कामाला जुंपलेली असायची. तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. जिथे मुलांना विचारून ठरवलं जायचं, तिथे म्होरका गेला तरी फारसा फरक पडत नसे. तुमची सुट्टी असायची त्या दिवशी शॉपमध्ये काय चालायचं, हे आता तुमच्या जुन्या पोरांना विचारा. निवृत्तीनंतर खरं सांगतात.

याहून महाग पडते ती दुसरी गोष्ट. ॲमी एडमंडसन नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका मोजत होती. चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत चुका कमी निघतील, असा तिचा अंदाज. निघाल्या जास्त! ती बुचकळ्यात पडली. पुढे उलगडा झाला : ज्या वॉर्डात मुख्य परिचारिकेला चूक सांगायची भीती नव्हती, तिथे चुका नोंदल्या जात होत्या. जिथे दरारा होता तिथे त्या लपवल्या जात होत्या, आणि वही स्वच्छ होती. तुमच्या शॉपमध्येही रिजेक्शनचा एखादा जॉब कधी गुपचूप भंगाराच्या ढिगाखाली गेला असेल. तुमच्या नजरेला पडला नाही, कारण पडू नये म्हणूनच तो तिथे गेला.

कडक बोलणारा हुशार वाटतो, ही आणखी एक अडचण. टेरेसा अमाबिले यांनी 1983 साली दाखवलं, की पुस्तकावर टीका करणारा परीक्षक वाचकांना कौतुक करणाऱ्यापेक्षा बुद्धिमान वाटतो, आवडत मात्र नाही. आपल्याकडे नाटक फाडून खाणाऱ्या समीक्षकाला विद्वान म्हणतात आणि “बघण्यासारखं आहे” म्हणणाऱ्याला निर्मात्याचा मित्र. कंपन्याही बढती देताना याच दृष्टीने बघतात. खाली आवाज करणारा वरून “स्ट्राँग” दिसतो.

तुमच्या बाजूचं एक सांगतो. लेथवर पोराचा हात चकच्या जवळ गेला, तर तिथे ओरडायलाच हवं, विनंतीअर्ज करायला वेळ नसतो. चुकीचा जॉब परत करायला लावणं, हा कडकपणाही मला मान्य आहे, अगदी तिसऱ्यांदाही. सगळ्या शॉपसमोर त्याच्या बापाचा उद्धार करणं त्यात येत नाही.

प्रश्न : साहेब छळतो, शिव्या देतो, याविरुद्ध भारतात कायदा आहे का? परदेशात आहे म्हणतात.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : निव्वळ साहेबी छळासाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर 2013 चा कायदा आहे आणि दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीत त्यासाठी अंतर्गत समिती असणं सक्तीचं आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून बोललं, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. बाकी बाबतींत न्यायालयं सावध आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं, की वरिष्ठाने कामावरून आणि शिस्तीवरून केलेली कानउघाडणी हा फौजदारी अर्थाने हेतुपुरस्सर अपमान ठरत नाही. म्हणजे पोलिसांत जाऊन बहुतेक वेळा हाती काही लागणार नाही. तरीही तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मेसेज पुसू नका. एचआरकडे तोंडी जाऊ नका, ईमेल करा.

जपानमध्ये अशा छळाला ‘पावा-हारा’ म्हणतात, आणि तो रोखायची जबाबदारी जून 2020 पासून मोठ्या कंपन्यांवर, एप्रिल 2022 पासून लहान कंपन्यांवरही कायद्याने टाकली आहे. मारणं आणि शिवीगाळ तर त्यात येतंच. एखाद्याला वाळीत टाकणं, अशक्य काम देणं, आणि पात्रतेच्या मानाने अगदीच क्षुल्लक काम देऊन बसवून ठेवणं, हेही येतं. ही शेवटची रीत आपल्याकडच्या कचेऱ्यांना नवी नाही.

सर्वांत लांब गेला तो फ्रान्स. तिथे मानसिक छळ हा 2002 पासून गुन्हा आहे. फ्रान्स टेलिकॉम या पूर्वीच्या सरकारी कंपनीला 22,000 माणसं कमी करायची होती, पण बऱ्याच जणांना सरकारी नोकरीचं संरक्षण असल्याने काढता येत नव्हतं. मग त्यांनी आपण होऊन जावं अशी परिस्थिती तयार केली गेली : वारंवार बदल्या, कामं काढून घेणं, मधल्या मॅनेजरांवर माणसं कमी करण्याचा दाब. त्या काळात अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. डिसेंबर 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने निकाल दिला, की इथे कंपनीचं धोरणच छळाचं होतं. दोषी ठरले ते कंपनीचे माजी प्रमुख दिदिए लोंबार, त्यांचे उपप्रमुख आणि मनुष्यबळ विभागाचे प्रमुख. त्यांना मदत केल्याबद्दल आणखी काही अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाली, आणि कंपनीला 75,000 युरो दंड. लोंबार अपिलात गेले. तुरुंगवास स्थगित झाला, दोष कायम राहिला. जानेवारी 2025 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.